ट्रायल्स सायकल : हातात पंधरा हजार, आधी काय बदलू?

कातळकडा | ४ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मार्चमध्ये बंगळुरूच्या एका मुलाकडून जुनी २० इंची ट्रायल्स सायकल घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिला सीट नसते, गिअर नसतात, आणि हिच्यावरून कुठे जायचंही नसतं. दगडावर, कठड्यावर, पॅलेटवर पाय न टेकता उड्या मारायच्या, बास. २००९ साली डॅनी मॅकॅस्किल या ट्रायल्स स्वाराचा व्हिडिओ आला तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासूनचा किडा आहे, पैसे हाती आले ते आत्ता.

आता रडगाणं. मागचा ब्रेक (मागुरा एचएस ३३, रिमवर धरणारा) ओढला तरी चाक हळूहळू सरकतं. म्हणजे मागच्या चाकावर उभं राहिलं की मी पाठीवर. पुढचं फ्रीव्हील (पेडल पुढे मारलं की धरणारी, मागे फिरवलं की मोकळी फिरणारी गरारी) मधूनच 'कट्' करून सुटतं. चेन किती जुनी आहे देव जाणे. मागचा टायर गुळगुळीत झालाय. पेठेत जाऊन २० इंची बीएमएक्सचा छान जाड टायर आणला, तर तो बसेचना! दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमचं चाक चुकलंय."

सध्या बजेट पंधरा हजार, त्याच्या वर बायको विचारेल. सराव तळजाईला, आणि पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वजन ६८ किलो. आधी काय बदलू, ब्रेक, फ्रीव्हील, चेन की टायर? आणि यातलं पुण्यात काय होऊ शकतं?

---

पेठीपाटी | ४ जून, रात्री १०.३१

आधी सीट बसवा. बाकी नंतर बघू.

---

घाटमाथा | ४ जून, रात्री १०.५०

मी सिंहगड आणि ताम्हिणी करणारा साधा माणूस. एक प्रामाणिक प्रश्न, हलकं घ्या: ज्या सायकलवरून कुठे जायचंच नाही तिच्यावर पंधरा हजार का घालायचे?

---

पेठीपाटी | ४ जून, रात्री १०.५४

@घाटमाथा, तुम्ही सिंहगडावर जाऊन परत खालीच येता ना?

---

स्नेहल_२६ | ४ जून, रात्री ११.२०

कातळकडा, स्वागत! पुण्यात ट्रायल्सवाले मोजायला एक हात पुरतो. मी २६ इंची चालवते, सहा वर्षं झाली.

टायरचं आधी सांगते, कारण तुमच्या दुकानदाराने उलटं सांगितलं. चाक बरोबर आहे, टायर चुकलाय. २० इंची ट्रायल्स सायकलचं पुढचं रिम नेहमीच्या बीएमएक्सइतकंच, म्हणजे ४०६ मिलिमीटरचं असतं. मागचं मात्र लहान, ३८७ चं, त्याला १९ इंची म्हणतात. मागे जाड, फुगीर टायर घालून बाहेरचा घेर पुढच्याइतका व्हावा म्हणून ते तसं असतं. गोंधळ असा की मागच्या टायरवरही बहुतेक वेळा २० च छापलेलं असतं. त्यामुळे टायर घेताना '१९ इंची ट्रायल्स रिमसाठी' हे शब्द बघूनच घ्या. मॅक्सिसचा क्रीपी क्रॉलर किंवा मॉंटीचे टायर चालतील. पुण्यात मला कुठे मिळालेले नाहीत.

तसंच हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं. मागचा हब ११६ मिमी रुंद असतो. बीएमएक्सचा ११० चा, माउंटन बाइकचा १३५ चा. दोन्ही बसत नाहीत. (माझ्या २६ इंचीला १३५ च लागतो, त्यामुळे माझं आयुष्य सोपं.) कोणी "वॉशर टाकून बसवतो" म्हणालं तर नमस्कार करून निघा.

---

बुलेटराव | ५ जून, सकाळी ७.०५

माझ्याकडे २०१९ ची बुलेट ट्रायल्स ३५० आहे, लाल चासीवाली. त्या वर उचललेल्या सायलेन्सरमुळे मागे बसलेल्या माणसाचा पाय भाजतो. त्यावर काही उपाय?

---

पेठीपाटी | ५ जून, सकाळी ७.४०

मागच्या माणसाला ट्रायल्स सायकल घेऊन द्या. त्यावर सीटच नाही, बसणारच नाही.

---

मुठाकाठचा | ५ जून, सकाळी ९.१५

बुलेटराव धागा चुकले असले तरी घराणं चुकलेलं नाही. पाय न टेकता खडकांतून गाडी काढायचा खेळ मुळात मोटरसायकलचाच. जॉनी ब्रिटन नावाच्या इंग्रज स्वाराने रॉयल एनफिल्डवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल १९५२ ला आणि परत १९५७ ला जिंकली. त्याच पुण्याईवर तुमची २०१९ ची लाल चासी.

सायकलीत हा खेळ रुजवला तो स्पेनमधल्या कॅटलोनियाने. पेरे पी हा मॉंटेसा मोटरसायकलचा स्वार. त्याने पोरगा ओत याला मोटरसायकलीऐवजी सायकलवर तयार केलं, आणि त्यातूनच मॉंटी कंपनी उभी राहिली. पुढे ओत पी जगज्जेता झाला. तिकडे या खेळाला 'त्रियालसिन' म्हणायचे. 'सिन' म्हणजे 'विना', विनामोटर ट्रायल. आपल्याकडे 'निर्मोटर' म्हणायला हरकत नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. वाचतोय.

---

बोल्टकाका | ५ जून, दुपारी २.४५

मी ट्रायल्स चालवत नाही. गुडघे परवानगी देत नाहीत. पण भाचा चालवतो, आणि त्याचं तोडलेलं सगळं दुरुस्तीला माझ्याकडे येतं. भोसरीत टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं हिशेबाने सांगतो.

कातळकडा, तुमची पुढची गरारी १८ दात्यांची आणि मागची १२ ची असणार. २० इंचीत तेच असतं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. १८ दात्यांच्या गरारीची त्रिज्या निघते साधारण ३६ मिमी. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १६० मिमीचा धरा. आता ६८ किलोचा माणूस आडव्या पेडलवर नुसता उभा राहिला, उडी मारली नाही, तरी चेनवर ताण येतो ६८ गुणिले १६० भागिले ३६, म्हणजे तीनशे किलो. नेहमीच्या सायकलला पुढे ४४ दाते आणि १७० चा क्रँक असतो. तिथे हाच माणूस उभा राहिला तर ताण १३० किलो. तुम्ही तर उभे राहत नाही, लाथ घालता.

म्हणजे चेनला नेहमीच्या सायकलच्या दुपटीहून जास्त ताण, तोही झटक्याने. आणि ती तुटते कधी? उडीच्या क्षणी, सगळं वजन पुढे झोकलेलं असताना. मग गुडघा स्टेमवर आणि दात हँडलवर. भाच्याला चार टाके पडले आहेत, म्हणून सांगतो.

तेव्हा नवी चेन आधी. पंधरा हजारांतला हा सगळ्यांत लहान खर्च आहे. केएमसीची जाड, एक अष्टमांश इंची चेन घ्या. फक्त तुमच्या गरारीचे दाते त्या रुंदीचे चालतात का ते बघून घ्या. जुनी किती ताणली आहे ते मोजायचं असेल तर स्टीलची पट्टी लावा. २४ पिचचं, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी असतं. ३०७ दिसलं की उतरवा. पट्टी शून्यावर लावताना डोळा सरळ ठेवा, नाहीतर १ मिमी असाच इकडचा तिकडे होतो.

---

घाटमाथा | ५ जून, दुपारी ३.१०

तीनशे किलो?! शब्द मागे घेतो. काका, माझ्या चेनचंही बघाल का?

---

तिरकीतान | ५ जून, सायंकाळी ६.०२

सगळे जुन्या जमान्यात अडकलेत. रिम ब्रेक काढा, डिस्क टाका, प्रश्न मिटला. होपचा ट्रायल्ससाठीचा खास ब्रेक मिळतो. पावसाची कटकट नाही, रिम घासायची भानगड नाही.

---

स्नेहल_२६ | ५ जून, सायंकाळी ६.३०

@तिरकीतान, त्यांच्या फ्रेमवर डिस्कचं माउंट आहे का ते आधी विचारा. मग डिस्कचा हब, मग नवं चाक विणणं, मग ब्रेक. पंधरा हजार पहिल्या फाट्यालाच संपले.

कातळकडा, रिम ग्राइंड केलेलं आहे का? बोट फिरवून बघा. एचएस ३३ गुळगुळीत रिमवर धरतच नाही. ट्रायल्समध्ये रिमची बाजू अँगल ग्राइंडरने मुद्दाम खरवडतात. पॅड त्यावर रुतलं पाहिजे. तुमचा ब्रेक 'हळूहळू सरकतो' म्हणालात, म्हणजे बहुतेक खरवड झिजलीय. नवा ब्रेक घ्यायची काही गरज नाही.

---

कातळकडा | ५ जून, रात्री ९.४८

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

चेन मोजली. ३०८.५. काका, उतरवली. 😅

रिमवर बोट फिरवलं. फुलपात्राइतकं गुळगुळीत. फ्रेमला डिस्क माउंट नाही.

पण चांगल्या रिमला ग्राइंडर लावायचा? ऐकूनच पोटात गोळा आला.

---

आईचा_लाडका | ५ जून, रात्री १०.२०

@तिरकीतान, डिस्क म्हणे. गेल्या दसऱ्याला आईने माझ्या सायकलची यथासांग पूजा केली. झेंडूचा हार हँडलला, हळदकुंकू डिस्कवर. वर "गंजू नये" म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. दुसऱ्या दिवशी वेताळ टेकडीच्या खाणीजवळ पहिला ब्रेक लावला तर लांडगा विव्हळावा तसा आवाज आला, आणि सायकल थांबली नाही ती नाहीच. पॅड फेकून द्यावे लागले.

आता दसऱ्याला मी सायकलऐवजी पाना पुढे करतो.

---

पेठीपाटी | ५ जून, रात्री १०.२६

शस्त्रपूजाच ती. बरोबर आहे आईंचं.

---

स्नेहल_२६ | ६ जून, सकाळी ८.१०

ग्राइंडिंगची भीती पहिल्यांदा सगळ्यांना वाटते. मीही तासभर ग्राइंडर हातात घेऊन नुसती बसले होते.

टायर-ट्यूब काढून टाका. डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क, कारण ॲल्युमिनियमची भुकटी उडते. चाक फ्रेममध्येच असू द्या, कोणाला तरी हळूहळू फिरवायला सांगा. ग्राइंडरची चकती नुसती टेकवायची, दाबायची अजिबात नाही. एका फेरीत तिरक्या रेघा एका बाजूला, दुसऱ्या फेरीत उलट्या, म्हणजे जाळी तयार होते. खोल चर पाडायचे नाहीत. हाताला किसणीसारखं लागलं की थांबा. एकाच जागी रेंगाळलात तर तिथे खड्डा पडतो आणि ब्रेक दर फेरीला एकदा ढुसकी मारतो.

पॅड जास्त झिजतात, हे खरं. दर काही महिन्यांनी परत करावं लागतं, आणि दर वेळी रिमची भिंत जरा पातळ होते. माझं मागचं रिम चौथ्या ग्राइंडनंतर काढून टाकलं, भिंत नखाएवढी उरली होती. तेव्हा हा खर्च धरूनच चालायचं.

---

मुठाकाठचा | ६ जून, सकाळी ८.५५

ग्राइंडरच्या आधी लोक रिमला डांबर लावायचे, हे खरं आहे का? कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

---

स्नेहल_२६ | ६ जून, सकाळी ९.०५

खरं आहे! गुळगुळीत रिमवर डांबराचा गोळा घासायचा, पॅड चिकटून धरतं. अजूनही काही जण करतात. पाणी लागलं की खेळ खलास, आणि आवाज अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा.

---

पेठीपाटी | ६ जून, सकाळी ९.११

पुण्यात पहिल्या पावसानंतर डांबर रस्त्यापेक्षा कडेलाच जास्त सापडतं. पंधरा हजार वाचले.

---

बोल्टकाका | ६ जून, दुपारी १२.३०

स्नेहलताईंनी ग्राइंडिंगचं नेमकं सांगितलं आहे. एक भर. ब्रेक सरकण्याचं दुसरं कारण म्हणजे आतली हवा. लिव्हर दाबून धरा. हळूहळू मुठीकडे जात राहिली तर कुठेतरी गळती. पहिल्यांदा मऊ आणि दोन-तीनदा पंप केल्यावर कडक झाली तर हवा. दाबल्यावर फ्रेमच्या मागच्या दांड्या फाकताना दिसल्या तर मात्र ब्रेकचा दोष नाही, बूस्टर लावा. घोड्याच्या नालेसारखी पट्टी असते ती, दोन्ही बाजू बांधून ठेवते.

आणि कृपा करून त्यात गाडीचं ब्रेक ऑइल घालू नका. मागुरात मिनरल ऑइल असतं. गाडीचं डॉट ऑइल गेलं की आतली रबरी सीलं फुगतात, मग पूर्ण ब्रेक गेला. भाच्याच्या ब्रेकमध्ये एका गॅरेजवाल्याने हौसेने घातलं होतं. शिकवणीचे पैसे आम्ही भरले.

---

स्नेहल_२६ | ६ जून, दुपारी १.१५

काका, मी तर पाणी घालते. 🙂

---

बोल्टकाका | ६ जून, दुपारी १.२२

कशात?

---

स्नेहल_२६ | ६ जून, दुपारी १.४०

ब्रेकमध्ये. एचएस ३३ मध्ये तेलाऐवजी पाणी भरणारे ट्रायल्सवाले पुष्कळ आहेत. पाणी पातळ, त्यामुळे लिव्हर हलकी लागते आणि चटकन परत येते. थंड देशांत पाणी गोठतं म्हणून त्यात अँटिफ्रीझ मिसळावं लागतं. पुण्यात डिसेंबरातही ती चिंता नाही. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं. सिरिंजने खालच्या सिलिंडरकडून वर ढकलायचं, लिव्हर सगळ्यांत उंच ठेवायची, म्हणजे बुडबुडे आपोआप वर येतात. नळी हलकेच टिचकत राहा, दोन सिलिंडरमधल्या जोडनळीत हवा अडकून बसते.

फक्त डिस्क ब्रेकमध्ये हे कधीच करू नका. तिथे उष्णता जास्त, पाणी उकळलं की ब्रेक गायब.

---

बोल्टकाका | ६ जून, दुपारी २.०५

ताई, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. बनवणाऱ्याने तेल दिलं आहे ते वेडा म्हणून नाही. तेल पिस्टनला आणि सीलला वंगण देतं, गंज येऊ देत नाही. पाण्याने दोन पावसाळ्यांत आत पांढरी पूड धरेल.

---

स्नेहल_२६ | ६ जून, दुपारी २.२०

धरते. म्हणून दर पावसाळ्यानंतर पूर्ण काढून बदलते. ज्याला कंटाळा असेल त्याने तेलच घालावं, हे मान्य.

---

बोल्टकाका | ६ जून, दुपारी २.२४

मग कातळकडांनी तेलच घालावं. नवीन माणूस आहे, कंटाळा येणार.

---

कातळकडा | ६ जून, रात्री ९.३०

काका, तुम्ही मला बरोबर ओळखलंत. तेल.

आता राहिला फ्रीव्हीलचा 'कट्'. नवं घ्यायचं तर ६० क्लिक, ७२ क्लिक, १०८ क्लिक असं काय काय दिसतंय. हे नक्की काय असतं?

---

पेठीपाटी | ६ जून, रात्री ९.३३

१०८ चं घ्या. उडी चुकली तर निदान जप तरी पूर्ण होईल.

---

बोल्टकाका | ७ जून, सकाळी १०.००

क्लिक म्हणजे फ्रीव्हील एका फेरीत किती जागी धरतं. १६० च्या क्रँकला पेडलचा पूर्ण घेर साधारण १००५ मिमी. साध्या फ्रीव्हीलला १८ क्लिक धरले तर पेडल ५६ मिमी रिकामं फिरून मग धरतं. तुम्ही मागच्या चाकावर उभे, झटका द्यायचा आहे, आणि पेडल आधी दोन इंच हवेत. तोवर तोल गेला. ६० क्लिकला हेच अंतर १७ मिमी, ७२ ला १४, १०८ ला ९.

मग १०८ च घ्यावं असं वाटेल. पण क्लिक वाढले की दाते बारीक होतात. बारीक दात्यात जराशी घाण गेली, वंगण घट्ट झालं, की कुत्रं पूर्ण बसत नाही आणि सुटतं. (आत जे स्प्रिंगवर उघडझाप करतं त्याला आम्ही कुत्रं म्हणतो, पेठीपाटींनी विनोद करू नये.) तळजाईची लाल धूळ फार बारीक असते. सुरुवातीला ६० किंवा ७२ भरपूर झालं.

पण नवं घेण्याआधी जुनं धुऊन बघा. कोणीतरी आत ग्रीस भरलं असेल तर नुसत्या त्यानेही 'कट्' होतं. रॉकेल मिळत असेल तर रॉकेल, नाहीतर डिझेल, त्यात रात्रभर बुडवा, फिरवा, सुकवा, आणि मग पातळ तेलाचे थेंब. ग्रीस नाही. क्लिकचा आवाज स्पष्ट, कोरडा, एकसारखा आला पाहिजे.

---

पेठीपाटी | ७ जून, सकाळी १०.०४

मी काही बोललोच नाही. कुत्र्याला का मधे आणता.

---

स्नेहल_२६ | ७ जून, सकाळी १०.४०

काकांना अनुमोदन. फक्त ते फ्रीव्हील क्रँकवरून काढणं हाच मोठा पराक्रम आहे. ते आट्यांवर बसतं, आणि प्रत्येक उडीला आणखी आवळत जातं. माझं पहिलं काढायला नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. चार खाचांचं टूल वाइसमध्ये पकडलं, क्रँकला चार फुटी पाइप घातला, दोन माणसं लटकली, तेव्हा बंदूक सुटावी तसा आवाज होऊन निघालं. त्यातला एक जण मला म्हणाला, "मॅडम, एवढं घट्ट कुणी बसवलं?" मी म्हटलं, मीच, पायाने.

परत बसवताना आट्यांना ग्रीस नक्की लावा. आत नाही, आट्यांना.

अजून एक महत्त्वाचं. तुमच्या सायकलला फ्रीव्हील पुढे आहे, म्हणजे मागची गरारी हबला कायमची जखडलेली. चाक फिरलं की चेन फिरणारच, पेडल थांबलेलं असलं तरी. नेहमीच्या सवयीने चाक गरगरा फिरवून फडक्याने चेन पुसायला जाऊ नका. फडकं ओढलं जातं आणि पाठोपाठ बोट. चेन नेहमी चाक स्थिर ठेवून, थोडी थोडी पुसायची. लेसही बांधून ठेवा.

---

बोस्टनपुणेकर | ७ जून, दुपारी ४.१५

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात येतोय. एक फ्रीव्हील, एक टायर आणू शकतो. सामानात आईचं पार्सल परत नेण्यापुरती जागा ठेवावी लागते, त्यामुळे रिम आणि फ्रेमचा विचार करू नये.

---

आईचा_लाडका | ७ जून, दुपारी ४.१८

माझेही पॅड प्लीज. ते छोटे असतात!

---

घाटमाथा | ७ जून, दुपारी ४.२५

एक सॅडल बॅग...

---

बोस्टनपुणेकर | ७ जून, दुपारी ४.४०

सुरू झालं. म्हणून मी दोन वर्षं या फोरमवर काही बोललो नव्हतो.

---

तिरकीतान | ८ जून, रात्री ८.३०

फ्रेमबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्या जुन्या फ्रेमला बॉटम ब्रॅकेटजवळ (क्रँकचा आस बसतो तिथे) केसाएवढी चीर आहे. भोसरीत टिग वेल्डिंग करून घेऊ का?

---

बोल्टकाका | ८ जून, रात्री ९.१०

फ्रेम ॲल्युमिनियमची कुठल्या जातीची आहे? ६०६१ असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची ताकद जाते. नवीन फ्रेम बनवताना वेल्डनंतर पूर्ण भट्टीत घालून ती परत आणतात. आपल्याकडचा वेल्डर ते करणार नाही. ७००५ असेल तर ती ठेवल्या ठेवल्या काही आठवड्यांत बरीचशी सावरते. पण तुम्हाला जात सांगणार कोण? स्टिकर गेलेला असतो. टाका अगदी सुंदर येईल, आणि शेजारून तुटेल.

भिंतीवर लावा. शोभेची आहे.

आणि कातळकडा, जुनी सायकल घेतली आहे तर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून ही ठिकाणं बघा: हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खाली, बॉटम ब्रॅकेटभोवती, ब्रेकच्या माउंटपाशी, मागच्या ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला). रंगावर काळी रेघ दिसली आणि पुसून जात नसेल तर ती मळाची नाही.

---

कातळकडा | १३ जुलै, रात्री ११.०५

महिनाभर गायब होतो, माफी. अहवाल देतो.

१. चेन नवी टाकली. ताण बघताना कळलं की क्रँकच्या एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली होते. स्नेहलला फोन केला (हो, आम्ही भेटलो, तळजाईला). ती म्हणाली, गरारी कधीच अगदी गोल नसते, सगळ्यांत घट्ट जागी थोडी लवचीक राहील असा ताण ठेव. मागच्या दोन्ही गोगलगायी, म्हणजे चेन ताणायच्या त्या सरकत्या चकत्या, समान फिरवल्या.

२. रिम ग्राइंड केलं. पार्किंगमध्ये. बायकोने चाक फिरवलं. फरक विचारू नका. पहिल्यांदा ब्रेक लावला आणि मी हँडलवरून पुढे. पूर्वी मागे पडायचो.

३. फ्रीव्हील काढलंच नाही. क्रँकसकट डिझेलमध्ये बुडवलं. आतून जे काळं लोणी निघालं ते बघून बायकोने ती बादली परत घरात आणू दिली नाही. आता क्लिक स्पष्ट आहेत. तरी महिन्यात एकदा सुटलं. त्यामुळे बोस्टनपुणेकरांना ७२ क्लिकचं सांगितलंय. तोवर मोठ्या उड्या बंद.

४. टायर तेच आणणार आहेत. सध्या गुळगुळीतच चालवतोय. हवा मागे २० पीएसआय ठेवली तर कातळाच्या धारेवर ट्यूब दोनदा चिमटली, आता २४ ठेवतो. उडी थोडी कमी, पंक्चरही कमी.

खर्च आतापर्यंत साडेतीन हजारांच्या आत, त्यातला बराच ग्राइंडरचा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुनी पॅलेट आणली, पाच. युरो मापाच्या एकाची उंची १४४ मिमी. तीन रचून चढतोय, म्हणजे ४३ सेंटीमीटर. चौथं ठेवलं की मेंदू नाही म्हणतो.

---

स्नेहल_२६ | १४ जुलै, सकाळी ७.५०

चौथ्याला मेंदू नाही, फ्रीव्हील नाही म्हणतंय. विश्वास नसलेल्या पार्टवर उंच उडी बसत नाही. नवीन आलं की आठवड्यात चढशील.

---

घाटमाथा | १४ जुलै, सकाळी ८.१५

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय ठरलं? पंधरा हजारांतले आधी कशावर?

---

बोल्टकाका | १४ जुलै, सकाळी ९.३०

चेन, मग ग्राइंडर, मग डिझेल. मोठा पार्ट विकत घ्यायची वेळ चौथ्या नंबरला आली.

---

कातळकडा | १४ जुलै, सकाळी ९.४४

ता.क. आज सकाळी सोसायटीच्या बोर्डावर नवी सूचना लागली आहे: "पार्किंगमध्ये सायकल चालवावी. नाचवू नये."

---

पेठीपाटी | १४ जुलै, सकाळी ९.४६

फोटो हवा. आणि खाली हाताने लिहा, "सीट सापडल्यास कळवावे."

---

शेंगदाणाकूट | १४ जुलै, रात्री १०.२०

सगळा धागा वाचला, काही कळलं नाही, मजा आली. तो पेठेतून आणलेला ४०६ चा टायर अजून आहे का? मुलाच्या बीएमएक्सला हवाय. कोथरूडहून येऊन घेऊन जाईन.

---

कातळकडा | १४ जुलै, रात्री १०.२६

आहे. कोरा आहे. तुमच्या विचारपुशीत निरोप टाकलाय. दोन ते चारमध्ये फोन करू नका, बाबा झोपतात.